पडद्यापलीकडे गुरुजी आहेत काय?

शिक्षणाचा विषय निघाला की आजकाल एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘आता काय, सगळे मोबाईलवर आहे. ज्याला शिकायचे आहे त्याने शिकावे.’ हे वाक्य बोलणारे बहुतेक वेळा तेच असतात, ज्यांच्या मुलांना घरात स्वतंत्र खोली आहे, स्वतःचा लॅपटॉप आहे आणि त्यावर पुन्हा शिकवणीचे सरही आहेत. आमच्या वस्तीतल्या मुलाला मात्र ‘सगळे मोबाईलवर आहे’ एवढे सांगून मोकळे होता येते. उद्या तो मागे पडला तर दोष त्याचाच! काल गुणवत्तेच्या नावाखाली आमच्या मुलांना बाहेर ठेवले, आज तेच सोयीच्या नावाखाली होऊ घातले आहे.

आम्ही ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. नवे साधन आले की त्याच्याकडे पाठ फिरवणे हा फुले-आंबेडकरांच्या अनुयायांचा बाणा नव्हे. आमचे म्हणणे वेगळेच आहे. ऑनलाइन शिक्षण चांगले कशाने होते आणि वाईट कशाने होते, हे आता पुष्कळसे ठाऊक झालेले ज्ञान आहे. ते ज्ञान आपल्या कार्यकर्त्यांकडे, शिक्षकांकडे, पालकांकडे नसेल तर आपल्या वाट्याला वाईट ते येईल, आणि आपण ते मुकाट्याने चांगले समजून घेऊ. म्हणून हा लेख.

आधी आपला अनुभव आठवू या. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि रातोरात सारा देश ऑनलाइन गेला, असे सांगण्यात आले. कोण गेला? त्याच्या दोनच वर्षे आधीची, २०१७-१८ सालची राष्ट्रीय नमुना पाहणी सांगत होती की देशात संगणक होता जेमतेम १०.७ टक्के घरांत, आणि इंटरनेट २३.८ टक्के घरांत. ग्रामीण भागात हेच आकडे ४.४ आणि १४.९ टक्के इतके खाली होते. म्हणजे ज्या दिवशी वर्गाचे दार बंद करून पडद्याचे दार उघडले, त्या दिवशी बहुसंख्य मुलांच्या घरात ते दारच नव्हते.

पुढे काय झाले ते ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांत जाऊन पाहिले. पंधरा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतली सुमारे १४०० शाळकरी मुले त्यांनी गाठली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले निघाली ८ टक्के; अजिबात न शिकणारी ३७ टक्के. आणि ग्रामीण भागातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांमध्ये नियमित ऑनलाइन शिकणारी होती फक्त ४ टक्के, तर इतरांमध्ये १५ टक्के. वाचकहो, हे चार आणि पंधरा नीट लक्षात ठेवा. पडद्याला जात दिसत नाही, असे जे सांगितले जाते, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

त्या काळात आमच्या परिचयातल्या एका वस्तीत एक मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात स्मार्टफोन एक, तो भावाचा. भाऊ दिवसभर घरोघर पार्सले पोचवायचा आणि फोन त्याच्या पोटापाण्याचे साधन. तो घरी यायचा रात्री दहाला. कॉलेजची लिंक यायची सकाळी अकराला, आणि हजेरी फक्त त्या लिंकवर. मुलगी हुशार, जिद्दी. पण अकरा वाजता तिच्या हाती काही नाही आणि रात्री दहाला पलीकडे कोणी नाही. ‘गैरहजर’ असा शेरा साचत गेला. एकदाही कोणी फोन करून विचारले नाही की बाई, तू का येत नाहीस. शेवटी तिने परीक्षेचा अर्जच भरला नाही. आता सांगा, ही मुलगी नापास झाली की ती व्यवस्था?

इथे कोणी म्हणेल, ते दिवस गेले. आज घरोघरी मोबाईल आहे. खरे आहे. ग्रामीण भारताविषयीच्या ‘असर’ या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की १४ ते १६ वयोगटातल्या जवळपास ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्याच अहवालात पुढचे वाचा. आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी फोन वापरणारी मुले ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली फक्त २७ टक्के. म्हणजे यंत्र घरात आले, पण यंत्राबरोबर शिक्षण आपोआप आले नाही. आणि मुलीच्या हातात तर यंत्रही पुरते आले नाही.

यंत्र दिले म्हणजे शिक्षण दिले, ही चूक फक्त आपल्याकडेच झाली असेही नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांनी इंटरनेटवर मोफत अभ्यासक्रम खुले केले, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. हार्वर्ड आणि एमआयटीचे प्राध्यापक आता कोणाच्याही झोपडीत शिकवणार, असे बोलले गेले. पुढे २०१९ साली याच दोन संस्थांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून एक निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे निघाले शंभरात सुमारे तीन! आणि शिकणाऱ्यांच्या संख्येतली वाढ झाली होती ती मुख्यतः श्रीमंत देशांत.

हे वाचून आम्हाला महात्मा फुले आठवले. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच सांगितले होते. वरच्या वर्गाला शिक्षण द्या, ते झिरपत झिरपत खाली जाईल, हा इंग्रज सरकारचा समज होता. ते झिरपत नाही, खालच्या माणसासाठी शाळा त्याच्या दारात आणि त्याच्या गरजेप्रमाणेच काढावी लागते, हे जोतीरावांचे म्हणणे. आणि ते नुसते म्हणणे नव्हते. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा उपयोगाची नाही, हे त्यांनी ओळखले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय केली. शिकणाऱ्याच्या आयुष्याकडे आधी पाहायचे आणि मग शाळेचे वेळापत्रक आखायचे, ही आपली परंपरा आहे. आजच्या तज्ज्ञांच्या भाषेत जिला शिक्षणाची आखणी म्हणतात, तिचा पहिला धडा आपल्या घरातच आहे.

दुसरा धडा बाबासाहेबांच्या बालपणात सापडतो. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सारे कुटुंब. भिवाला अभ्यासाला जागा मिळावी म्हणून सुभेदार रामजी त्याला लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवत. पुढे चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. गुरुजींनी चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली, पुढे बडोद्याच्या महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यास मदत केली. पुस्तके तर ग्रंथालयांत पडलेलीच होती. पण पुस्तक आणि मुलगा यांच्यामध्ये एक रामजी आणि एक केळुसकर गुरुजी उभे होते. आजच्या प्रत्येक ऑनलाइन कोर्सला आम्ही हाच प्रश्न विचारू इच्छितो. पडद्यापलीकडे गुरुजी आहेत काय? मुलगा दिसेनासा झाला तर त्याची चौकशी करणारे कोणी आहे काय?

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात कोरोनाकाळात यावर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे साडेचार हजार कुटुंबे घेतली. काहींना आठवड्याला गणिताची उदाहरणे साध्या एसएमएसने पाठवली. काहींना एसएमएस तर पाठवलाच, शिवाय शिक्षकाने आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे फोन करून पालक आणि मूल यांच्याशी ती उदाहरणे सोडवली. नुसत्या एसएमएसचा मुलांच्या गणितावर परिणाम दिसला नाही. ज्यांना फोन गेला त्यांचे गणित मात्र सुधारले. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, व्हिडिओ नाही. साधा बटणांचा फोन आणि पलीकडे माणूस! शिक्षण यंत्राने होत नाही, यंत्रातून पोचलेल्या माणसाने होते, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मग चांगला ऑनलाइन कोर्स कसा असावा? आपले अनेक शिक्षक-प्राध्यापक बंधुभगिनी आज व्हिडिओ काढतात, स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवतात. त्यांच्यासाठी आणि त्या कोर्सना पैसे मोजणाऱ्या पालकांसाठी काही गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट, शेवटापासून सुरुवात करा. हा धडा संपल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे, हे एका वाक्यात लिहा. ‘टक्केवारी समजणे’ असे नव्हे. ‘शिष्यवृत्तीची किती टक्के रक्कम मिळाली ते काढता येणे’ असे. मग ते आले की नाही हे तपासणारा प्रश्न लिहा. आणि सर्वात शेवटी धडा तयार करा. आपल्याकडे उलटे होते. सर आधी तासभर बोलतात आणि परीक्षेत काय विचारायचे ते मग शोधतात.

दुसरी, लहान तुकडे करा. २०१४ साली ऑनलाइन अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रे तपासली गेली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारणपणे पाहतो तो सहा मिनिटांपर्यंत, असे आढळले. वर्गातला पाऊण तास तसाच कॅमेऱ्यापुढे बोलून टाकणे म्हणजे ऑनलाइन शिकवणे नव्हे. एका तुकड्यात एकच मुद्दा घ्या, आणि तो संपला की विद्यार्थ्याच्या हाताला काम द्या.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित. पुन्हा पुन्हा पाहण्याने येत नाही, आठवून सांगण्याने येते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि पुढचे तीन वेळा पुस्तक मिटून जे आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना आठवले ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणून व्हिडिओ थांबवा, प्रश्न विचारा, उत्तर लिहायला लावा. आणि तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा विचारा. यासाठी महागडे ॲप लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते.

चौथी, शेवटच्या विद्यार्थ्याच्या फोनसाठी आखणी करा. ज्याच्याकडे सर्वात कमी आहे त्याला जे चालेल ते सर्वांना चालते. उलटे होत नाही. तासाभराचे साधे ध्वनिमुद्रण ३० एमबीच्या आत बसवता येते, आणि लिखित टिपणे त्याच्याही कितीतरी खाली. व्हिडिओ द्याच, पण त्याबरोबर आवाजही द्या, लिखाणही द्या, आणि एकदा उतरवून घेतले की नेटपॅक संपला तरी उघडेल असे द्या. आणि सकाळी अकराच्याच लिंकवर हजेरी नको. ‘या आठवड्यात केव्हाही हे काम पूर्ण करा’ असे म्हटले असते, तर वर सांगितलेली ती मुलगी रात्री दहानंतरही शिकली असती.

पाचवी, भाषा. समजावून सांगणे मराठीत हवे, तेही आपल्या रोजच्या मराठीत. पारिभाषिक इंग्रजी शब्द सोडू नयेत, कारण पुढे परीक्षेत आणि नोकरीत तेच लागतात. पण तो शब्द मुलावर फेकू नये, हाताला धरून त्याच्यापर्यंत न्यावा. मुलाने तोडक्यामोडक्या भाषेत विचारलेल्या शंकेला हसू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

सहावी, कॅमेरा. ‘कॅमेरा चालू ठेवा, नाहीतर गैरहजर’ असा हुकूम अनेक ठिकाणी निघतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विद्यार्थी कॅमेरा का लावत नाहीत ते विचारले. आपण कसे दिसतो याची काळजी, मागे दिसणारी जागा आणि घरातली माणसे, कमजोर नेट, अशी कारणे आली. आणि वंचित समूहांतल्या विद्यार्थ्यांना ही अडचण अधिक जाणवत होती. पत्र्याचे घर, मागे वाळत घातलेले कपडे, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून साऱ्या वर्गाला मुलाची जात आणि ऐपत कळते. ज्याला त्या फोटोचा अभिमान आहे त्याने खुशाल दाखवावा, पण दाखवण्याची सक्ती कोणावर नको. विद्यार्थी लक्ष देतो की नाही हे पाहायचे असेल तर त्याचा चेहरा नको, त्याने सोडवलेले उत्तर पाहा.

सातवी आणि शेवटची, गळणाऱ्यांची वही ठेवा. किती जणांनी नाव नोंदवले याची जाहिरात सगळे करतात. किती जण कोणत्या धड्यावर थांबले, हे किती जण पाहतात? वीस-पंचवीस मुलांमागे एक मार्गदर्शक हवा. तीन दिवस मूल दिसले नाही की त्याने फोन करावा, पाठवलेल्या उत्तराला दोन दिवसांत दोन ओळींचा का होईना, अभिप्राय द्यावा. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९७१ पासून शिकवू लागले. नाव झाले ते बीबीसीवरच्या कार्यक्रमांचे, पण त्याचा कणा होता टपालाने जाणारी पुस्तके, गृहपाठावर सविस्तर शेरे लिहिणारे मार्गदर्शक आणि अभ्यासकेंद्रे. आपल्याकडे नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेही स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे यांच्याच पायावर. दूरच्या शिक्षणाला जवळचा माणूस लागतो, हे त्या पिढीला कळले होते.

आता नेमके दुखणे इथेच आहे. एकदा काढलेला व्हिडिओ लाख मुलांना दाखवायला जवळजवळ फुकट. खर्च येतो तो माणसाचा. म्हणून ‘ऑनलाइन’ म्हटले की हिशेब करणारे सर्वप्रथम माणसावर काट मारतात. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. त्याच्या रचनेत व्हिडिओ, लिखित साहित्य, स्वयंचाचणी आणि शंकांची चर्चा अशी चारही अंगे धरलेली आहेत. रचना चांगली आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून शिकण्यास मुभा दिली. ही मुभा नेमकी कशासाठी वापरली जाते यावर आपले लक्ष हवे. खेड्यातल्या महाविद्यालयात जो विषय शिकवायला कोणी नव्हता तो मिळावा म्हणून, की प्राध्यापकांची रिक्त पदे भरावीच लागू नयेत म्हणून? पहिल्या कारणाचे आम्ही स्वागत करू. दुसऱ्या कारणासाठी ती वापरली गेली तर ज्याला परवडते त्याला वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह आणि गुरुजी, आणि ज्याला परवडत नाही त्याला लिंक, अशी नवी वर्णव्यवस्था शिक्षणात उभी राहील. जे पदच भरले नाही, त्यावरच्या आरक्षणालाही काही अर्थ उरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सरकारकडे आपली मागणी नुसत्या टॅबची आणि डेटाची नको. टॅब वाटल्याचे फोटो निघतात. त्या टॅबवर शंका विचारली तर उत्तर देणारा माणूस कोण, हे आपण विचारले पाहिजे. रिक्त पदे भरा, प्रत्येक ऑनलाइन विषयामागे नेमलेला मार्गदर्शक द्या, आणि गळालेल्या विद्यार्थ्यांचे आकडे जातवार व लिंगवार जाहीर करा, अशी मागणी हवी.

आणि मागणीबरोबर आपले कामही हवे. केरळात जून २०२० मध्ये दूरचित्रवाणीवरून शाळा सुरू झाली, तेव्हा घरी टीव्ही किंवा फोन नसलेल्या मुलांसाठी वाचनालये, अंगणवाड्या अशा ठिकाणी एकत्र बसून पाहण्याची सोय करण्यात आली. आपल्याकडे तर गावोगावी बुद्ध विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. संध्याकाळच्या वंदनेनंतर बहुतेक ठिकाणी कुलूप लागते. तिथे एक नेटची जोडणी, एक जुना संगणक, चार फळ्या पुस्तके, आणि रात्री सात ते दहा बसणारे एक माणूस एवढे करता येणार नाही काय? अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांची जोड दिलेले शिक्षण नुसत्या वर्गापेक्षा सरस ठरले. त्या जोडीत मुलांना अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळत होते, हेही त्यांनी नोंदवले. हा अधिकचा वेळ आणि हे अधिकचे साहित्य आपले विहार देऊ शकते.

आपल्यातले किती जण बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत आहेत! बाबासाहेबांच्या पुण्याईने तिथवर पोचलेल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक तास द्यावा. पाच मुले घ्यावीत. त्यांना स्वतः शिकवण्याचीही गरज नाही, शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. फक्त दर रविवारी फोन करून विचारायचे, ‘या आठवड्यात काय शिकलास? मला पुस्तक न पाहता सांग बरे. कुठे अडले?’ आणि जो सलग दोन रविवार फोन उचलणार नाही, त्याच्या घरी जायचे.

चर्नी रोडच्या बागेत त्या दिवशी केळुसकर गुरुजी त्या मुलाजवळ थांबले नसते तर? या प्रश्नाचे उत्तर द्यायला आपल्याला धाडस होत नाही. आज आमच्या वस्तीतला मुलगा बागेत नाही, रात्री दहानंतर मोकळा झालेला फोन हातात घेऊन एकटा बसला आहे. त्याच्याजवळ कोण थांबणार, ते आपणच ठरवायचे आहे.

जयभीम!